यमधर्माचें न्यायासन आणि जपानी चित्रकथा

गेल्या वर्षीं मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायावर, म्हणजे मेंढरें व शेरडें वेगळीं करण्याच्या प्रसंगावर, पाठ चालला असतां नववींतील एका विद्यार्थ्यानें एकाएकीं विचारिलें, "सर, न्याय करणाराचीच चूक झाली तर?" असला प्रश्न त्याला कोठून सुचला याची चौकशी करितां असें कळलें कीं, त्यानें घरीं एक जपानी 'ॲनिमे', म्हणजे हलत्या चित्रांची कथा, पाहिली होती. या कथांना वेळेचा अपव्यय म्हणणाऱ्या पालकांपैकीं मीहि एक होतों. तरी प्रश्नाचें मूळ शोधावें म्हणून ती कथा मीं स्वतः पाहिली, आणि तिजमागें केवढी जुनी परंपरा उभी आहे हें पाहून आश्चर्य वाटलें.

जपानांत मृतांचा न्याय करणाऱ्या राजाचें नांव 'एन्मा' असें आहे. हा दुसरा कोणी नसून आपल्या परिचयाचा यमच होय. ऋग्वेदांत यम हा मरण पावलेला पहिला मर्त्य व पितरांचा राजा आहे. बौद्ध धर्माबरोबर तो चीन देशांत गेला. तेथें त्याला न्यायाधीशाचा पोषाख, कचेरी व कारकून मिळाले, आणि तो दहा न्यायी राजांपैकीं एक होऊन जपानांत पोहोंचला. जपानी समजुतीप्रमाणें मृतानें प्रथम 'सान्झु' नदी ओलांडावयाची. ही जणूं आपली वैतरणीच. तीरावर एक म्हातारी त्याचीं वस्त्रें काढून घेते. पुढें दर सातव्या दिवशीं एकेका राजापुढें त्याची चौकशी होते. एन्मा हा पांचवा, म्हणून त्याचा दिवस पस्तिसावा. त्याजपाशीं एक आरसा असतो. मनुष्यानें केलेलें सर्व कांहीं त्यांत दिसतें, त्यामुळें खोटें बोलून चालत नाहीं. बौद्ध जपानी कुटुंबें एकोणपन्नासाव्या दिवशीं मृतासाठीं विधि करितात त्याचें कारण हेंच. त्या दिवसापर्यंत निकाल लागावयाचा असतो व आप्तांच्या पुण्यकर्माचा मृताला उपयोग होतो अशी श्रद्धा आहे. इ. स. ९८५ मध्यें गेन्शिन नांवाच्या भिक्षूनें आपल्या ग्रंथांत नरकांचें सविस्तर वर्णन केलें, आणि नरकाचीं चित्रें काढण्याची तेथें प्रथाच पडली. तेव्हां परलोक चित्रांत दाखविणें ही जपानी लोकांना नवी गोष्ट नव्हे.

आधुनिक चित्रकथांनीं मात्र या राजाची बरीच थट्टा केली आहे. १९८९ सालीं सुरू झालेल्या 'ड्रॅगन बॉल झी' या मालिकेंत एन्मा एका प्रचंड मेजापाशीं बसून, मामलेदार कचेरींतील अधिकाऱ्याप्रमाणें, आत्म्यांचीं प्रकरणें निकालांत काढीत असतो. २०१४ च्या 'होझुकि नो रेइतेत्सु' मध्यें नरक म्हणजे काम फार व माणसें थोडीं असें एक सरकारी खातें आहे! या थट्टेनें कोणी बिघडेल असें मला वाटत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यानें पाहिलेली कथा निराळी. तिचें नांव 'डेथ परेड', साल २०१५, दिग्दर्शक युझुरु ताचिकावा, भाग बारा. एकाच वेळीं मेलेलीं दोन माणसें एका मद्यगृहांत येतात. आपण मेलों आहोंत हें त्यांना आठवत नाहीं. डेसिम नांवाचा न्यायकर्ता त्यांना एक खेळ खेळावयास लावतो. संकटांत सांपडल्यावर माणसाच्या मनांतील काळोख बाहेर येतो, व त्यावरून पुनर्जन्म कीं शून्य हें ठरतें. (हें 'शून्य' कथाकाराचें आहे; दहा राजांच्या न्यायांत आत्मा सहा गतींपैकीं कोणत्या तरी गतीला जातो.) पहिल्या भागांत एक नवविवाहित जोडपें येतें. पतीच्या मनांत संशय बळावतो. शेवटीं पत्नी सांगते कीं, आपण पैशासाठींच लग्न केलें. डेसिम तिला शून्यांत पाठवितो. दुसऱ्या भागांत त्याची मदतनीस स्त्री म्हणते कीं, पतीचें दुःख हलकें व्हावें म्हणून पत्नी खोटें बोलली असावी. परंतु दिलेला निकाल फिरत नाहीं. विद्यार्थ्याचा प्रश्न येथून निघाला होता.

(मालिकेंत मारहाण व क्रौर्य आहे. खालच्या वर्गांतील मुलांना ती दाखवूं नये.)

डेसिम हा मनुष्य नाहीं. तो कधीं जगला नाहीं, कधीं मेला नाहीं. कथेचा सगळा भर येथें आहे: ज्यानें दुःख भोगलें नाहीं त्यानें दुःखिताचा न्याय कसा करावा? शेवटच्या भागांत तीच मदतनीस स्त्री न्यायासाठीं त्याच्यापुढें येते, व तिचें दुःख पाहून तो रडतो. आम्ही ख्रिस्ती लोक पुनर्जन्म मानीत नाहीं. परंतु न्याय करणारा स्वतः मनुष्य होऊन मरण भोगून आलेला आहे, ही आमच्या विश्वासांतील मुख्य गोष्ट होय. जपानी बौद्ध परंपरेंतहि एक विलक्षण कल्पना आहे: एन्मा हें 'जिझो'चेंच एक रूप होय. जिझो म्हणजे भारतांतून गेलेला क्षितिगर्भ बोधिसत्त्व. मेलेलीं लहान मुलें नदीकांठीं दगडांचे मनोरे रचितात, राक्षस ते पाडतात, आणि जिझो त्या मुलांना आपल्या झग्याच्या बाह्यांत लपवितो, असें तेथें सांगतात.

या विषयाचा आमच्या प्रांताशीं एक जुना संबंध आहे. १५४८ सालीं आन्जिरो नांवाच्या जपानी गृहस्थाचा बाप्तिस्मा गोव्यांत झाला, व १५४९ मध्यें त्यालाच बरोबर घेऊन फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून कागोशिमास पोहोंचला. नव्या ख्रिस्ती जपानी लोकांनीं त्याला विचारिलें कीं, सुवार्ता न ऐकतां मेलेल्या आमच्या आईबापांची नरकांतून सुटका होईल काय? प्रार्थनेनें, दानानें कांहीं होईल काय? त्यानें नाहीं म्हटलें. ते रडले, आणि त्यांना रडतांना पाहून आपणासहि वाईट वाटलें असें झेवियरनें पत्रांत लिहून ठेविलें आहे. मी वीस वर्षें शास्त्र शिकवीत आहें, पण त्या लोकांना त्याच्यासारखें ठाम उत्तर देण्याचें धैर्य मला होणार नाहीं.

नववींतील विद्यार्थ्याला मीं इतकेंच सांगितलें कीं, ज्या न्यायाधीशाविषयीं आपण वाचीत आहोंत तो खेळ लावून पारख करीत नाहीं. भुकेल्यास कोणी अन्न दिलें व तुरुंगांतल्यास कोण भेटावयास गेलें, हें तो विचारितो. त्यावर तो म्हणाला, "मग त्या बाईनें नवऱ्यासाठीं केलें तें त्यांत धरतील ना, सर?" धरतील, असें मीं म्हटलें.