कौले कुणी शाकारायची?

मृग नक्षत्र आठ दिवसांवर आले, की आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात कौले शाकारणारा गडी हमखास येई. छपरावर चढून तो फुटकी कौले काढी, सरकलेली नीट बसवी, पन्हळीत साचलेला पाला खाली ढकली. अकरा बिऱ्हाडांतल्या बायका चौकात उभ्या राहून, 'अहो, आमच्या मोरीवरचंही बघा हो,' असे ओरडत. त्याची मजुरी मालक देत. त्यात उपकार नव्हते आणि उपकार केल्याचा आवही नव्हता. १९६१ साली पानशेतच्या पुरात मागची भिंत खचली, तेव्हा तीही मालकांनी पदरच्या पैशाने उभी केली होती.

माझ्या वडिलांनी १९५८ साली या वाड्यात दोन खोल्या बावीस रुपये भाड्याने घेतल्या. मालक १९७६ साली वारले आणि पुढच्या मृगाला शाकारणारा आला नाही.

वडील धाकट्या मालकांकडे गेले. 'बघतो,' ते म्हणाले. त्या जुलैत आमच्या स्वयंपाकघरात दोन ठिकाणी गळू लागले, पुढच्या वर्षी पाच ठिकाणी. तिसऱ्या वर्षी वडिलांनी स्वतःच गडी बोलावला आणि तो खर्च भाड्यातून वळता केला. धाकट्या मालकांनी भाडेच परत पाठवले. तेव्हापासून आमचे भाडे मनिऑर्डरने जाऊ लागले आणि नकाराचा शेरा घेऊन परत येऊ लागले. वकिलांनी बजावले होते, की काही झाले तरी भाडे पाठवणे थांबवू नका, थकबाकी दिसली की मालकाला ताबा मागायला कारण मिळते. त्या परत आलेल्या मनिऑर्डरींच्या पावत्या वडील सुतळीने बांधून ट्रंकेत, आजीच्या पैठणीखाली ठेवत.

मग एकेक गोष्ट निखळत गेली. जिन्यातला दिवा गेला. संडासाच्या दाराची कडी गेली, आणि आत जाणाऱ्याने खाकरत बसायचे अशी पद्धत पडली. नळाला चिंधी बांधली गेली. दुरुस्ती केली तर 'ती आपलीच जबाबदारी' असे ठरेल, म्हणून कुणीच काही करीना. चार आण्याच्या वायसरवरून दोन सुशिक्षित कुटुंबे दोन वर्षे बोलत नव्हती, हे आज कुणाला खरे वाटणार नाही.

या भांडणाचे मूळ आमच्या वाड्यात नव्हते. मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ सालचा. युद्धानंतर शहरात माणसे लोटली होती, घरे नव्हती, भाडेकरूला रस्त्यावर येऊ द्यायचे नाही हा त्यामागचा हेतू. त्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकले. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत पन्नास वर्षे जगला. चुना, सागवान, गवंड्याची मजुरी सगळे वाढले. भाडे तेवढे जागच्या जागी राहिले. गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगितले. नवा कायदा येऊ घातला होता म्हणून त्या रद्द मात्र केल्या नाहीत.

तो नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. वडील तोवर गेले होते, खोल्या माझ्याकडे आल्या होत्या. मी मोठ्या आशेने वकिलांकडे गेलो. त्यांनी चौदावे कलम उघडले. घर राहण्याजोगे ठेवणे ही मालकाची जबाबदारी. त्याने हयगय केली, तर किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, मग भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापून घ्यायचा. मी खूश झालो. वकील म्हणाले, 'पुढचं वाचा.' वर्षाला जास्तीत जास्त त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. बावीस गुणिले बारा, दोनशे चौसष्ट. त्याचा पाव हिस्सा सहासष्ट रुपये. सहासष्ट रुपयांत वासा सोडाच, तो बसवायला सुतारही आला नसता.

मालकांचे गणितही याहून बरे नव्हते. नव्या कायद्याने त्यांना दरसाल चार टक्के भाडेवाढ दिली होती. आमच्या खोल्यांपुरती ती महिना अठ्ठ्याऐंशी पैसे होत होती.

मुंबईत निदान १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्तीसाठी मंडळ नेमले. त्या मंडळाच्या टेकूंखाली लोक वर्षानुवर्षे राहिले, हा भाग वेगळा. पुण्याच्या वाड्यांना तेवढाही आधार नव्हता. इथे पालिकेची 'धोकादायक' अशी नोटीस येई, आणि तिने कुणाला दुःख झाले, कुणाला आनंद, हे चेहऱ्यावरून ओळखता येत नसे.

२००५ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री मागच्या चौकातली भिंत बसली. सुदैवाने कुणाला लागले नाही. पावसात उभ्या राहिलेल्या आम्हा सगळ्यांना मालकांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, माजघरात घेतले. तीस वर्षांत मी प्रथमच तिथे पाऊल टाकत होतो. जमिनीवर चार भांडी मांडलेली होती, त्यांत एक तांब्याचे घंगाळ. चारींत वरून पाणी पडत होते. वहिनी चहा ठेवायला गेल्या. मालक, तेही आता सत्तरी ओलांडलेले, कपाटातून एक वही काढून माझ्यासमोर ठेवून म्हणाले, 'हा अकरा बिऱ्हाडांचा हिशेब. महिन्याचे तीनशे दहा रुपये. त्यातून पालिकेची पट्टी भरतो. उरलेल्यात तुम्हीच शाकारून दाखवा.'

मी गप्प बसलो. एवढ्याचसाठी नव्हे. कोथरूडला माझा फ्लॅट १९८९ पासूनच होता. सलग सहा महिने खोल्या वापरात नसल्या तर मालक ताबा मागू शकतो, म्हणून मी आठवड्यातून दोन रात्री वाड्यात झोपायला येत असे, स्टोव्ह पेटवत असे, शेजाऱ्यांना दिसेल असा बाहेर दात घासत असे. त्या रात्री मी तिथे होतो तो त्या पहाऱ्यामुळे. एक ना एक दिवस बिल्डर येईल, तोवर कुलूप टिकवायचे, एवढेच माझे धोरण होते. आणि घर पडेपर्यंत थांबायचे, हे मालकांचे. त्या छपराखाली दुरुस्ती खरोखर हवी होती ती फक्त वहिनींना आणि ज्यांना दुसरीकडे जायला जागा नव्हती त्या तीन-चार बिऱ्हाडांना. नोटिसांवर मात्र सह्या माझ्यासारख्यांच्याच ठळक असत.

बिल्डर आला. २००९ साली तिथे चार मजली इमारत उभी राहिली आणि मला तिसऱ्या मजल्यावर एक खोली-स्वयंपाकघर मिळाले. मालकांनी ती पाहिली नाही.

ती जागा मी लिव्ह अँड लायसन्सवर देतो. करार रीतसर नोंदवलेला, अकरा महिन्यांचा. मुदत संपली की जागा परत, न सोडल्यास दुप्पट भरपाई. भाडेकरू हा शब्दही त्यात नाही. सध्या तिथे एक तरुण जोडपे राहते. परवा त्या मुलीचा फोन आला, 'काका, बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकतंय.'

'बघतो,' मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर तो शब्द माझा मलाच ऐकू आला. प्लंबर आज सकाळी दहाला येतो म्हणाला आहे. मीही जाणार आहे.