अण्णांची गळाची काठी

मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या आणि सारी हयात मुलांना समास व अलंकार शिकविण्यात घालविलेल्या माणसाने निवृत्तीच्या उंबरठ्यावर हाती रंधा धरावा, हे आमच्या आळीतील मंडळींना काही केल्या पटेना. मागल्या अंगणात बांबूच्या कामट्या वाळत पडलेल्या पाहून शेजारच्या काकूंनी आमच्या घरात चौकशी केली, "आकाशकंदील का हो? दिवाळी तर होऊन गेली." गळाची काठी करावयाची आहे असे उत्तर मिळाल्यावर त्या जरा वेळ स्तब्ध राहिल्या. इंदुरात पाच पिढ्या काढलेल्या, एकादशी पाळणाऱ्या घरात गळाचे काय काम, हा त्यांचा प्रश्न त्यांनी तोंडाने विचारला नाही एवढेच.

तो प्रश्न या घरात नवा नाही. साठ वर्षांपूर्वी माझ्या आजीने तो अण्णांना विचारला होता. अण्णा म्हणजे माझे वडील. सरकारी कचेरीत कारकून. १९६४ साली महू छावणीत एका सामानाच्या लिलावात त्यांनी एक विलायती गळाची काठी विकत घेतली. दोन तुकड्यांची, जोडली म्हणजे नऊ फूट लांब, मधाच्या रंगाची. आजीचे म्हणणे असे, की नर्मदेच्या घाटावर लोक माशांना कणकेच्या गोळ्या घालून पुण्य जोडतात आणि हा मुलगा त्याच कणकेत काटा लपवितो. यावर अण्णांचे उत्तर ठरलेले असे : "मी खात थोडाच आहे?" ते खरेही होते. मीटरगेजच्या खांडव्याकडील गाडीने ते शनिवारी रात्री निघत, पाताळपाणी, काळाकुंड करीत घाट उतरून बडवाह किंवा मोरटक्क्याला पोहोचत, रविवारचा दिवस नर्मदेच्या खडकावर काढीत आणि रात्री रिकाम्या हातांनी परत येत. लागलेला मासा पुन्हा पाण्यात सोडीत, नाहीतर नावाड्याला देऊन टाकीत. आजीच्या मते हा दुहेरी अपराध होता. खायचा नाही तर छळायचा कशाला? या प्रश्नाला मात्र अण्णांपाशी उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझ्यापाशीही नाही.

१९८१ च्या संक्रांतीला मी अकरा वर्षांचा होतो. कडुनिंबाच्या शेंड्यात एक कापलेला पतंग अडकला होता. घरातल्या सगळ्या काठ्या आखूड पडल्या. माळ्यावर कापडी पिशवीत गुंडाळलेली एकच काठी पुरेशी लांब होती. पतंग निघाला नाही. काठीचा वरचा तुकडा मात्र हातभर अंतरावर मोडला. मी दोन्ही तुकडे पिशवीत घातले, नाडी पूर्वीसारखीच बांधली आणि ती माळ्यावर ठेवून दिली. पुढच्या आठवड्यात अण्णांनी ती काढली असली पाहिजे, कारण त्या रविवारी ते घरीच होते. त्यानंतर ते एखाद्या साध्या बांबूची काठी घेऊन क्वचित यशवंतसागरावर जाऊन बसत. पुढे तेही थांबले. कुणी मोडली, हे त्यांनी कधीच विचारले नाही. विचारले असते, चार चपराका दिल्या असत्या, तर बरे झाले असते असे मला पुष्कळदा वाटले आहे.

दोन वर्षांपूर्वी घराची डागडुजी करताना माळा उतरविला तेव्हा ती पिशवी हाती आली. अण्णा आज सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. दृष्टी जवळजवळ गेली आहे. कान आणि बोटे शाबूत आहेत. मोडलेला शेंडा मी उजेडात धरला तेव्हा टोकाच्या कडीत गुलाबी मांजाचे वीतभर टोक अडकलेले दिसले. मी ते लहानपणी काढायला विसरलो होतो. त्या दिवशी मी हा शेंडा पुन्हा करावयाचा असे ठरविले. नवी काठी विकत आणणे सोपे होते. कार्बनी धाग्याच्या हलक्या काठ्या आता घरबसल्या मागविता येतात. पण त्याने काही भागले नसते.

येथे वाचकांना ही वस्तू नेमकी काय असते ते सांगितले पाहिजे. आपल्याकडील कोळ्याची काठी म्हणजे अखंड बांबू. ही तशी नसते. बांबू उभा चिरून त्याच्या सहा कामट्या काढतात, प्रत्येक कामटी रंधून तिचा छेद समभुज त्रिकोणासारखा करतात, आणि त्या सहांच्या कडा एकत्र आणून चिकटवतात. साठ अंशांचे सहा कोन मिळून वर्तुळ पुरे होते, आणि काठीचा छेद षट्कोनी, आतून भरीव होतो. बांबूचे सारे बळ त्याच्या सालीलगतच्या दाट धाग्यांत असते. आतला गर पोचट. कामट्या अशा रीतीने जुळविल्या की बळकट भाग सर्व बाजूंनी बाहेर येतो आणि पोचट भाग रंध्याखाली निघून जातो. अमेरिकेत पेनसिल्व्हानियातील ईस्टन गावी सॅम्युएल फिलिपी नावाच्या, बंदुका आणि व्हायोलिने बनविणाऱ्या कारागिराने १८४० नंतरच्या दशकात अशा चिरीव बांबूच्या काठ्या केल्या. पुढे मेन राज्यातील हायरम लेनर्डने १८७० नंतर सहा कामट्यांची पद्धत रूढ केली.

मौजेची गोष्ट अशी, की त्या आरंभीच्या काठ्यांचा बांबू हिंदुस्थानातून जात असे. कलकत्त्याच्या बंदरातून निघे म्हणून तिकडे त्याला 'कलकत्ता बांबू'च म्हणत. तो म्हणजे आपल्या मध्यप्रदेशाच्या डोंगरांत सर्वत्र उगवणारा भरीव 'नर बांस'. विदर्भात त्यालाच मानवेल म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी चीनमधील ग्वांगडोंग प्रांताच्या 'टोंकिन' बांबूने त्याला मागे सारले, कारण तो अधिक सरळ आणि त्याच्या गाठी कमी फुगीर. १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार तोडला तेव्हा तोही दुर्मिळ झाला. तोवर काचधाग्याच्या काठ्या आल्याच होत्या, आणि १९७० नंतर कार्बनच्या आल्या. अण्णांची काठी टोंकिनची आहे की आपल्याकडच्या बांबूची, हे मला ठरविता आले नाही. शेंड्यासाठी मी मात्र नर बांसच घेतला.

आणखी एक गोष्ट सांगतो; ती सांगितल्याशिवाय मराठीच्या मास्तराला राहवणार नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास' हा इ. स. ११२९ च्या सुमाराचा संस्कृत ग्रंथ आम्हांला एम. ए.ला अभ्यासावा लागला, तो महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात या त्यातील उल्लेखापायी. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, कोणाला कोणते आमिष रुचते, दोर कसा असावा, काठी कशी असावी, याचा विचार त्यात एका राजाने केला आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्यावर एक निबंध लिहिला. आम्हांला हे प्रकरण कुणी शिकविले नाही. आजीला ते ठाऊक असते तर तिने सोमेश्वराचीही खरडपट्टी काढली असती.

आता कामाकडे वळतो. बांबू मिळविणे सोपे, चिरणे कठीण. मी पहिल्या दोन कांबी कोयत्याने चिरल्या आणि दोन्ही वेळा चीर अर्ध्यावर जाऊन एका बाजूला निसटली. एक कामटी जाड, दुसरी कागदासारखी. शेवटी ज्या बुरूड कुटुंबाकडून बांबू आणला होता तेथेच परत गेलो. टोपली विणीत बसलेल्या म्हातारीने माझे चिरलेले तुकडे पाहिले आणि हातातले काम न थांबविता म्हणाली, "मोटे को झुकाओ, मास्साब." चीर ज्या बाजूला अधिक वाक मिळेल त्या बाजूला सरकते. म्हणून चीर घसरू लागली की पातळ बाजू ताठ धरायची आणि जाड बाजू वाकवायची, म्हणजे ती आपोआप मध्यावर येते. दुसरे तिने सांगितले ते असे, की नेहमी निम्म्याचे निम्मे करावे. कडेची एकच कामटी काढायला जाऊ नये. तीस वर्षे शिकविण्याचा धंदा केला, पण इतक्या थोड्या शब्दांत इतके कुणाला शिकविल्याचे मला आठवत नाही.

चिरलेल्या कामट्यांच्या गाठी कानशीने घासाव्या लागतात, आणि जेथे कामटी वाकडी असेल तेथे ती दिव्याच्या आचेवर धरून, गरम असतानाच सरळ करून, थंड होईपर्यंत दाबून ठेवावी लागते. मग भाजणे. एका लोखंडी नळीत कामट्या घालून ती निखाऱ्यांवर एकसारखी फिरवीत राहायचे. ओल निघून जाते आणि बांबूला ताठपणा येतो. भाजणीसारखा खमंग वास सुटला व रंग किंचित तपकिरी झाला की उतरवायचे. जरा उशीर झाला तर कामटी ठिसूळ होते. माझी एक नळीभर भाजणी अशी करपली.

रंधण्यासाठी साचा लागतो. सागाच्या दोन लांब पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून त्यांच्या सांध्यात साठ अंशांची खाच पाडायची, एका टोकाला खोल, दुसऱ्याला उथळ. कामटी त्या खाचेत बसवायची आणि रंधा पट्टीला टेकेपर्यंत रंधत जायचे. खाचेची खोली काठीच्या जाडीच्या बरोबर निम्मी. जुन्या शेंड्याचे तुकडे जुळवून मी दर पाच इंचांवर त्याची जाडी मोजली : सांध्यापाशी सात मिलिमीटर, टोकाला अडीच. म्हणजे कामटी साडेतीनपासून सव्वापर्यंत उतरत जावयाची. काठीचा सारा स्वभाव या उतारात असतो. मधे कोठे अर्धा मिलिमीटर अधिक राहिला तर काठी तेथे हट्टी होते, कमी झाला तर तेथेच मोडते. आमच्या शाळेच्या गणिताच्या सरांनी आकडे तपासून दिले आणि सुताराने साचा केला. रंध्याचे पाते मात्र मलाच दर दहा हातांमागे सहाणेवर घासावे लागे. सालीच्या बाजूला रंधा कधीच लावायचा नाही, आणि सहा कामट्यांच्या गाठी एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत. एवढी दोन पथ्ये.

पहिला शेंडा मी सरसाने चिकटविला. जुने कारागीर सरसच वापरीत, म्हणून मला तो मान राखावासा वाटला. पहिल्याच पावसाळी हवेत कामट्यांच्या कडा उकलू लागल्या आणि शेंडा केळफुलासारखा उमलला. नवे सारे पुन्हा केले : चिरणे, भाजणे, रंधणे. या खेपेला दोन भागांचा अराल्डाइट वापरला, दोऱ्याने उलटसुलट आवळून बांधला आणि सरळ आहे की नाही ते पाहण्यासाठी रात्री दोनदा उठलो. घरातून शेरा आला, की मुलांच्या बोर्डाच्या परीक्षांनाही मी इतका जागलो नव्हतो.

कड्यांचे पाय काठीवर रेशमाने बांधतात. माहेश्वरी साड्या विणणाऱ्या एका परिचिताने थोडे रेशीम दिले. फार बारीक, म्हणून पिळून घ्यावे लागले. दोरा स्वतःच्याच टोकावरून गुंडाळत न्यायचा आणि शेवटी एका फासातून टोक आत ओढून घ्यायचे. गाठ मारायची नाही. क्रिकेटच्या बॅटीची मूठ बांधण्याची रीत याच जातीची, सी. के. नायडूंच्या गावातल्या मुलाला ती अवघड जाऊ नये, पण गेली. वर व्हार्निशचे पातळ हात. रेशमाचा हिरवा रंग व्हार्निश पिऊन जवळजवळ काळा झाला.

ज्या माशासाठी ही काठी केली तो महाशीर. नर्मदेकाठी त्याला बाडस म्हणतात. वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी आणि वाळूगोट्यांचा तळ नसेल तर तो अंडी घालीत नाही. २००५ मध्ये इंदिरासागर आणि २००७ मध्ये ओंकारेश्वर ही धरणे कामाला लागली. ज्या नदीला धार होती तिचे लांबच लांब तळे झाले. तेथे आता कटला, रोहू वाढतात. २०११ मध्ये महाशीरला मध्यप्रदेशाचा राज्यमासा ठरविण्यात आले, तोवर तो हाताशी राहिला नव्हता. बडवाहच्या वनविभागाने त्याची पैदास करण्याचे प्रयत्न केले आहेत. या कामाची वाट एका मराठी शास्त्रज्ञानेच दाखविली होती : डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी महाशीरच्या कृत्रिम पैदाशीविषयी १९७१ मध्ये लिहिले, आणि लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात ते काम वाढले. मोरटक्क्याच्या पुलाखाली आज गळ टाकला तर बाडस लागेल असे मी अण्णांना सांगू शकत नाही. त्यांनीही ते विचारलेले नाही.

मागच्या महिन्यात शेंडा जुन्या बुंध्यात बसवून मी काठी अण्णांच्या हातात दिली. त्यांनी ती आधी हलविली नाही. मुठीपासून टोकापर्यंत बोटे फिरवीत गेले, सांध्यावर थांबले, पुढे प्रत्येक कडी चाचपली. टोकाच्या कडीत करंगळीचे नख घालून जरा वेळ तसेच राहिले आणि म्हणाले, "मांजा काढलास वाटतं."

मी हो म्हटले. आणखी काही म्हणावयाचे होते, चव्वेचाळीस वर्षे साठलेले, पण तोवर त्यांनी मनगटाला एक झटका दिला होता आणि काठीचे टोक हवेत कापत होते. ते थांबेपर्यंत त्यांनी कान देऊन ऐकले. "शेंडा अंमळ जड झालाय. चालेल. तिसऱ्या कडीचं बांधकाम मात्र सैल आहे, ते उकल. आणि बंदी कधी लागते?"

"सोळा जूनला. पंधरा ऑगस्टपर्यंत."

"मग त्याच्या आत मोरटक्क्याला जाऊ. गाडी कर एखादी, आपली आगगाडी तर गेली."

तिसरी कडी मी त्याच रात्री उकलली. रेशीम पुरले नाही. माहेश्वरला निरोप पाठविला आहे.