प्रवासाला निघताना न्याहारी कुठे, केव्हा आणि किती?

चैत्र लागला की मराठवाड्यात प्रवासाचे दिवस सुरू होतात. परीक्षा आटोपतात, लग्नसराई सुरू होते, राहिलेली देवदर्शने आठवतात. हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूर हे औंढा नागनाथ ते वसमत या रस्त्यावरचे गाव. इथल्या भगवान मल्लिनाथांच्या दिगंबर जैन अतिशय क्षेत्राला दूरदूरचे यात्रेकरू येतात. याच वाटेने कुणी औंढ्याच्या ज्योतिर्लिंगाला जातो, कुणी नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला, तर कुणी वसमतला रेल्वे गाठायला. उन्हाच्या आधी पोचायचे म्हणून सगळेच पहाटे निघतात आणि निघताना एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘खायचं काय ते वाटेत बघू.’

तरण्या, धडधाकट माणसाच्या बाबतीत हे वाक्य फारसे बिघडवत नाही. दोन तास उशिरा खाल्ले तर शरीर यकृतातील साठ्यातून साखर काढते आणि काम भागवते. मात्र घरातली जी मंडळी तीर्थयात्रेला उत्साहाने निघतात, त्यांतले बरेच जण साठीच्या पुढचे असतात आणि त्यांच्या पिशवीत मधुमेहाची गोळी असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर आहे. त्यांच्यासाठी न्याहारी हा औषधाच्या वेळापत्रकाचाच भाग असतो.

गोळी पोटात, घास वाटेत

मधुमेहाची सगळी औषधे एकसारखी वागत नाहीत. मेटफॉर्मिन एकटे घेतले तर त्याने साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही औषधे वेगळ्या पद्धतीने काम करतात. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. इन्सुलिनच्या इंजेक्शनचेही तसेच. आपल्याकडे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकाच गोळीत एकत्र देण्याची पद्धत आहे. त्यामुळे आपल्या गोळीत नेमके काय आहे, हे अनेक रुग्णांना ठाऊक नसते.

घोटाळा इथेच होतो. सवयीप्रमाणे पहाटे पाच वाजता गोळी घेतली जाते, गाडी साडेपाचला निघते आणि पहिला घास नऊ वाजता मिळतो. मधल्या वेळात रक्तातील साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, कडकडून भूक लागते. आणखी उतरली की माणूस असंबद्ध बोलू लागतो, चिडतो किंवा गुंगीत जातो. बसमध्ये शेजारच्याला वाटते, आजोबांना डुलकी लागली. रक्तदाबासाठी ‘बीटा ब्लॉकर’ गटातील औषध चालू असेल, तर थरथर आणि धडधड ही लक्षणे दबून जातात. घाम मात्र येतो, म्हणून गार वाऱ्यात अंगाला सुटलेला घाम दुर्लक्षू नये.

उपाय साधा आहे. तीन ते चार चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटे थांबावे आणि पुन्हा तपासावे. बरे वाटले नाही तर तेवढेच पुन्हा द्यावे आणि नंतर पोटभर काहीतरी खायला घालावे. चॉकलेट किंवा पेढा यासाठी तितका उपयोगी नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात हळू उतरते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

व्रत आणि वेळ

तीर्थक्षेत्री हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. अनेक जैन कुटुंबांत सूर्यास्तानंतर जेवत नाहीत आणि सकाळीही सूर्योदयानंतर काही वेळ गेल्यावरच तोंडात पाणी घेतात. चैत्रात आपल्याकडे पावणेसातच्या आत सूर्य मावळतो. संध्याकाळी साडेसहाला जेवलेला माणूस दुसऱ्या दिवशी पूजा, अभिषेक आटोपून साडेनऊला न्याहारीला बसला, तर मध्ये पंधरा तास गेलेले असतात. औंढ्याला सोमवारी ‘दर्शन होईपर्यंत पाणीही नाही’ म्हणणाऱ्यांची गत वेगळी नाही, कारण रांग किती लांबेल हे कुणाच्याच हातात नसते.

यात श्रद्धेला धक्का लावण्याची गरज नाही. साखर उतरवणाऱ्या बहुतेक गोळ्या दिवसाच्या पहिल्या खाण्याबरोबर घ्यायच्या असतात. त्यामुळे पहिले खाणे पुढे ढकलले तर गोळीही पुढे ढकलता येते का, रात्रीची मात्रा कमी करायला हवी का, हे निघण्यापूर्वी आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारावे. मात्रा मनाने बदलू नये किंवा औषध बंदही करू नये. उपवासात साखर उतरल्याची लक्षणे दिसली तर व्रत थांबवणे हाच मार्ग आहे.

कढईकडे बघा

समजा, वेळ जमली आणि मंडळी न्याहारीला थांबली. आपल्याकडे गावच्या ‘हॉटेला’त राहायची नव्हे, तर चहा-फराळाची सोय असते. पोहे, उपमा, भजी, पुरीभाजी, इडली आणि मराठवाड्याची खासियत असलेला चुरमुऱ्यांचा सुशीला. यांतले काय निवडावे, यापेक्षा कसे ठेवलेले आहे हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

अन्नातील जिवाणू ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात झपाट्याने वाढतात. म्हणून शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासात संपवावे, असा जगभर नियम मानतात. चैत्र-वैशाखात मराठवाड्याचा पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे सकाळी सातला परातीत काढलेला उपमा दहा वाजता विश्वासाचा राहत नाही. भात आणि पिठूळ पदार्थांत वाढणारा ‘बॅसिलस सीरियस’ हा जिवाणू उलट्या घडवणारे असे विष तयार करतो की ते पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. ‘परत गरम करून दिलंय’ हे आश्वासन म्हणूनच अपुरे. वाफाळती इडली, समोर परतलेले पोहे, उकडलेले अंडे, सालीसकट केळे आणि उकळता चहा या गोष्टी त्या मानाने निर्धोक. आधीच वाटून ठेवलेली ओल्या नारळाची चटणी, कापून ठेवलेली फळे आणि उघड्या हंड्यातले पाणी टाळलेले बरे.

तेलाचेही असेच. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात ‘पोलर’ संयुगे साठत जातात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल वापरू नये, असा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून लागू आहे. ग्राहकाजवळ मोजण्याचे यंत्र नसते, पण काळपट, दाट, फेसाळणारे आणि लवकर धुरणारे तेल डोळ्यांना कळते. भजी वर्तमानपत्राच्या कागदात बांधून घेऊ नयेत, असेही प्राधिकरणाने बजावले आहे, कारण शाईतील रसायने गरम, तेलकट पदार्थात उतरतात.

गाडी लागते म्हणून उपाशी?

‘मला गाडी लागते, मी काही खात नाही,’ असे म्हणणारे प्रत्येक बसमध्ये असतात. कानाच्या आतील तोल सांभाळणारा अवयव मेंदूला सांगतो की शरीर हलते आहे, तर मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात की सगळे स्थिर आहे. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. गच्च भरलेले आणि तेलकट पोट ती वाढवते, पण रिकामे पोटही वाढवते. निघण्याच्या तास-दीड तास आधी थोडे, कमी तेलाचे आणि कमी तिखटाचे खावे. पुढच्या बाजूला बसून दूरवर नजर ठेवावी. औषध घ्यायचेच असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि निघण्याच्या सुमारे तासभर आधी घ्यावे. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फारशी उपयोगी पडत नाही. अशा बहुतेक गोळ्यांनी झोप येते, म्हणून वाहन चालवणाऱ्याने त्या घेऊ नयेत.

बार्सिलोनाच्या बंदरावरही तेच

हे नियम गावच्या बसपुरते नाहीत. परदेशी स्थायिक झालेली मुले आता आई-वडिलांना वसंतात भूमध्य समुद्रातील जहाजसफरीला नेतात. आदल्या रात्री बार्सिलोनात किंवा रोममध्ये मुक्काम, दुसऱ्या दिवशी जहाज. रोमच्या प्रवाशांना सुमारे ७० किलोमीटर दूर चिविताव्हेक्कियाच्या बंदरावर जावे लागते. हॉटेलच्या भाड्यात न्याहारी नसेल तर शेजारच्या गल्लीत कॉफी आणि गोड पाव मिळतो. मधुमेह्याला तो साखर आणि मैदा एवढाच पडतो. त्याऐवजी टोमॅटो-ऑलिव्ह तेल लावलेला भाजका पाव, अंडे किंवा चीज, दही, मूठभर बदाम असे मागावे.

एप्रिल-मेमध्ये तिथली घड्याळे आपल्या साडेतीन तास मागे असतात. तिथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेअकरा झालेले असतात. गोळी भारतीय वेळेने आणि न्याहारी स्थानिक वेळेने, असे झाले की पुन्हा तोच धोका. पहिल्या दोन दिवसांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवावे, कारण विमानाच्या पोटात ते गोठू शकते.

जहाजावर बाहेरच्या हवेपेक्षा गर्दीची भीती जास्त. उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस शरीरात शिरल्यावर १२ ते ४८ तासांनी लक्षणे दाखवतो. बंदराजवळच्या न्याहारीतून आलेला आजार जहाजावर प्रकटतो आणि दोष जहाजाच्या जेवणाला जातो. आपल्याकडेही शेवटचे जिथे खाल्ले, त्याच हॉटेलला बोल लावला जातो. या विषाणूवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. साबणाने हात धुणे हाच खात्रीचा उपाय.

शिदोरीचे शास्त्र

यावर आपल्या आजीने शोधलेला उपाय अजून जुना झालेला नाही. दुधात पीठ भिजवून केलेली दशमी, ज्वारीचे धपाटे, सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. नीट भाजलेल्या पदार्थांत मोकळे पाणी कमी राहते, म्हणून जिवाणूंना वाढायला वाव कमी मिळतो. ज्वारीतील तंतू आणि शेंगदाण्यातील प्रथिने साखर हळूहळू रक्तात सोडतात, त्यामुळे दुपारपर्यंत पोटाला आधार राहतो. दशमी पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावी, नाहीतर वाफेचे पाणी सुटते आणि ती आंबते. धपाट्यांबरोबरचे दही घरीच खावे, उन्हात बरोबर नेऊ नये. युरोपात दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, त्यामुळे तिकडे जाताना पेढे किंवा पनीर बांधून घेऊ नये. भाजलेले शेंगदाणे-फुटाणे मात्र आपल्याकडच्या प्रवासात सदैव हाताशी असावेत.

निघण्याच्या आदल्या रात्रीच तीन गोष्टी ठरवाव्यात : पहिला घास किती वाजता, गोळी कोणत्या घासाबरोबर आणि हॉटेल सापडले नाही तर पिशवीत काय. त्याच पिशवीच्या वरच्या कप्प्यात साखरेची पुडी, जलसंजीवनीचे पाकीट आणि औषधांची चिठ्ठी ठेवावी. चिठ्ठी कुठे आहे, हे शेजारी बसणाऱ्यालाही सांगून ठेवावे. साखर उतरलेल्या माणसाला ते स्वतः सांगता येईलच असे नाही.