मागचा हीटर काढताना पाण्याची वाट सांभाळा

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फिरत्या व्यापाऱ्याची गाडी हेच त्याचे दुकान असते. आर्णी, दिग्रस, घाटंजी, राळेगाव, पांढरकवडा येथील आठवडी बाजारांत कापडाचे गठ्ठे, तयार कपडे, चपला, भांडी घेऊन जाणारे आपले कितीतरी बांधव जुन्या डिझेल गाड्यांवर धंदा करतात. नव्या गाडीसाठी व्याजी कर्ज डोक्यावर घेण्यापेक्षा हाती असलेली गाडी नीट ठेवावी, हा विचार चुकीचा नाही. मात्र मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की या गाड्यांची खरी परीक्षा होते. एखादा जुना होज पाइप फुटतो, पाणी निघून जाते, बाजाराचा दिवस बुडतो. त्यातही चालकाने गाडी तशीच रेटली तर हेड गॅसकेट जाते, हेड वाकते, आणि थोडक्यात भागणारे काम इंजिन खोलण्यापर्यंत पोहोचते.

म्हणून पाच-सात वर्षे जुने झालेले पाइप फुटण्याची वाट न पाहता एकदम बदलावेत. ज्या गाडीला मागच्या प्रवाशांसाठी वेगळा हीटर आहे, तिच्या मालकाने याच वेळी तो पाण्याच्या वाटेतून काढावा की ठेवावा, हेही ठरवून घ्यावे.

मागचा हीटर कोठून आला?

आपल्या भागात मागच्या हीटरची गरज जवळजवळ नाही. पण थंड मुलखासाठी सजविलेल्या मोठ्या गाड्यांत आणि मिनीबसमध्ये तो असतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली व आसपासच्या प्रदेशात दहा वर्षांवरील डिझेल गाड्या चालविण्यास मनाई केली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश उचलून धरला. त्यानंतर तिकडच्या जुन्या गाड्या इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. अशी गाडी घेणाऱ्याने तिच्या पोटाखाली एकदा वाकून पाहावे. इंजिनपासून मागच्या सीटपर्यंत गरम पाण्याचे दोन पाइप गेलेले असतील, तर तो मागचा हीटर समजावा.

येथे एक खबरदारी घ्यावी. मागे हवेची जाळी आहे म्हणजे हीटर आहेच असे नाही. आपल्याकडील बऱ्याच गाड्यांत मागे फक्त एसी असतो. एसीच्या नळ्या धातूच्या असतात, त्यांच्या रबरी भागाची टोके मशीनवर दाबून बसविलेली असतात आणि आत दाबाखालचा गॅस असतो. त्यांना हात लावू नये. पाण्याचे पाइप साध्या रबराचे असतात, क्लिपने बांधलेले असतात आणि इंजिन तापल्यावर गरम लागतात.

धोका कोठे असतो?

कापड घडीवर विरते, तसा रबरी पाइप वळणावर आणि क्लिपच्या तोंडाशी आधी जातो. बाहेरून तो धड दिसतो, पण आतून चिरलेला असतो. इंजिन थंड असताना क्लिपजवळ बोटांनी दाबून पाहावे. तेथे पाइप मधल्या भागापेक्षा मऊ किंवा फुगलेला लागला, तर त्याचे दिवस भरले. रेडिएटरचा वरचा-खालचा पाइप सगळेच पाहतात. फरशीखालून मागे गेलेल्या पाइपांकडे मात्र कोणी पाहत नाही, आणि खडी-चिखलाचा मार तेच खातात. रेडिएटरचे पाणी कमी होते पण बाहेर गळती दिसत नाही, मागची चटई ओली लागते, गाडीत गोडसर वास येतो, ही मागचा हीटर गळत असल्याची चिन्हे आहेत.

पाणी पार निघून गेले की काट्यावरही विसंबून राहता येत नाही. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असावा लागतो. तो कोरडा पडला की इंजिन जळत असतानाही काटा खाली येऊ शकतो.

पाण्याची वाट ओळखा

इंजिनच्या हेडकडून गरम पाणी हीटरकडे जाते आणि तेथून वॉटर पंपाकडे परत येते. मागच्या हीटरची जोडणी साधारण तीन प्रकारची असते.

१) पुढच्या हीटरच्या दोन्ही पाइपांवर टी लावून मागे फाटा काढलेला असतो. अशा वेळी दोन्ही टी काढून तेथे अखंड पाइप टाकावा. टी तशाच ठेवून मागचे दोन तोंड एकमेकांना जोडू नयेत, कारण पाण्याला जवळची वाट मिळते आणि पुढच्या हीटरकडे पाणी कमी जाते. तोंडावर रबरी टोपी बसविणे हे तात्पुरते काम आहे. ती टोपीही एक दिवस फाटते.

२) पाणी आधी पुढच्या हीटरमधून, मग मागच्यातून आणि नंतर इंजिनकडे जाते. येथे पुढच्या हीटरचे बाहेरचे तोंड सरळ इंजिनच्या परतीच्या तोंडाला जोडावे. येथे तोंड बंद केले तर सगळा प्रवाह थांबेल.

३) मागच्या हीटरला इंजिनवरून स्वतंत्र जाणारी आणि येणारी वाट असते. बोनेटखाली ही दोन तोंडे एका पाइपने जोडावीत, म्हणजे प्रवाह चालू राहतो.

थर्मोस्टॅटच्या घरापासून वॉटर पंपाकडे जाणारा आखूड बायपास पाइप ही निराळी गोष्ट आहे. थर्मोस्टॅट बंद असताना इंजिनमधले पाणी त्यातून फिरते. तो कधीही बंद करू नये. पुढचा हीटरही ठेवावा. थंडीच्या पहाटे काचेवरची वाफ त्याने जाते, आणि चढावर गाडी गरम होऊ लागली तर तो पूर्ण चालू केल्याने इंजिनची थोडी उष्णता बाहेर पडते.

काम करताना

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच ढक्कन उघडावे. साधे पाणी १०० अंशांना उकळते. ०.९ बार दाबाच्या ढक्कनाखाली ते सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. गरम असताना ढक्कन उघडले की तेच पाणी क्षणात उसळून तोंडावर येते.

पाइप हीटरसाठीच बनविलेला घ्यावा. बागेचा पाइप किंवा प्लास्टिकची नळी येथे टिकत नाही. अनेक गाड्यांत हीटर पाइपाचा आतला व्यास १६ मिलिमीटर, म्हणजे ५/८ इंच असतो, पण मोजूनच घ्यावा. जोडणीसाठी कडेला उठाव असलेला पितळी किंवा स्टीलचा जॉइंटर वापरावा, म्हणजे पाइप निसटत नाही. क्लिप नव्या घालाव्यात. पाइप एक्झॉस्ट, पंखा आणि पट्टा यांपासून दूर बांधावा. रेडिएटरच्या खालच्या जुन्या पाइपात तारेची स्प्रिंग असल्यास ती नव्या पाइपातही घालावी. नाहीतर पंपाच्या ओढीने पाइप आत दबतो. मागच्या हीटरमधले पाणी काढून त्याच्या नळ्यांची तोंडे बंद करावीत आणि तो जागेवर राहू द्यावा. पुढे कोणाला लागला तर पुन्हा जोडता येईल.

आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असते, त्याने रेडिएटरमध्ये क्षार धरतो. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरावे. भरताना पुढचा हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, गाडीचे तोंड चढावर करावे आणि हळूहळू भरावे. आत हवा अडकली तर नवे पाइप घालूनही गाडी तापते. इंजिन चालवून थर्मोस्टॅट उघडू द्यावा, थंड झाल्यावर पातळी पाहावी आणि क्लिप पुन्हा आवळाव्यात. दोन-तीन दिवस रोज सकाळी हे पाहिल्याशिवाय भरलेली गाडी लांबच्या बाजाराला नेऊ नये.

काढलेले कुलंट नालीत किंवा उघड्या भांड्यात ठेवू नये. ते चवीला गोड पण विषारी असते. शेळ्या, कुत्री आणि लहान मुले यांच्यापासून ते दूर ठेवावे.

मिस्त्री आणि मालक

गॅरेजवाल्या बांधवांनी हीटर काढल्याचे बिलावर स्पष्ट लिहावे. मालकाने गाडी विकताना तेच घेणाऱ्याला सांगावे. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा उघड करणाऱ्या आपल्या पैगंबरांची (स.) शिकवण फक्त धान्याच्या बाजारापुरती नाही. झाकून विकलेला ऐब गाडीचा असला तरी ऐबच. नीट केलेले काम आणि सांगून केलेला सौदा, यांतच बरकत आहे. एप्रिल लागण्यापूर्वी आपल्या गाडीखाली एकदा वाकून पाहावे, एवढीच विनंती.