ऑक्टोबरातली लावणी

सकाळी आठ

इंग्लंडच्या दक्षिणेत ऑक्टोबरच्या मध्याला उजाडायला साडेसात होतात. आठ वाजता आम्ही अवजारांच्या खोलीसमोर जमतो तेव्हा तळ्यावरचं धुकं अजून हललेलं नसतं. आम्ही म्हणजे मोठे माळी, त्यांच्या हाताखालचे आम्ही चौघं आणि आठवड्यातून एकदा येणारे स्वयंसेवक, बहुतेक निवृत्त मंडळी. जुन्या जमीनदाराच्या हवेलीभोवतीची ही बाग. वर गवताळ उतार, खाली तळं, पलीकडे ओक आणि बीचची झाडी. आज सकाळी उतार, दुपारी तळ्याचा काठ. ट्यूलिपला अजून हात लावायचा नाही. माती गार झाली की नोव्हेंबरात त्याची पाळी. उबदार, ओल्या मातीत घाई केली तर बुरशीचा करपा गाठतो.

पहिला अर्धा तास निवडण्यात जातो. जाळीच्या पिशवीतून डॅफोडिलचे कंद घमेल्यात ओतायचे, एकेक हातात घ्यायचा आणि बुडाशी अंगठा दाबून बघायचा. जिथून मुळं फुटतात ती चकती टणक लागली तर कंद चांगला. मऊ लागली तर आत कूज शिरली आहे, तो बाजूला टाकायचा. एक कुजका कंद जमिनीत गेला तर रोग मातीत वर्षानुवर्षं राहतो, म्हणून इथे दया नाही. हातमोजे घालूनच हे काम करायचं, कारण डॅफोडिलच्या रसाने कातडीला खाज सुटते. पण त्याच विषारी रसामुळे खारी या कंदाला तोंड लावत नाहीत. ट्यूलिप मात्र त्या उकरून फस्त करतात.

साडेआठ

उतारावर पोचल्यावर मोठे माळी ओंजळभर कंद घेतात आणि कमरेच्या उंचीवरून गवतावर सोडतात. पडेल तिथे खड्डा. नव्या स्वयंसेवकाला हे पटत नाही. दोन कंद चिकटून पडले की तो एक उचलून लांब ठेवतो, मध्ये मोकळी जागा दिसली की तिथे एक सरकवतो. असं थोडा वेळ चाललं की वसंतात रांगा दिसणार हे ठरलेलं. ‘‘उचलू नका, तसाच राहू द्या,’’ हे वाक्य मोठे माळी सकाळभर शांतपणे म्हणत असतात.

गवतात कंद लावून ते आपले आपण वाढू द्यायचे, ही पद्धत इंग्लंडमध्ये रुजवण्यात विल्यम रॉबिन्सन या आयरिश माळ्याचा मोठा वाटा. १८७० साली त्याचं ‘द वाइल्ड गार्डन’ आलं तेव्हा श्रीमंतांच्या बागांत दर हंगामाला वाफे उपटून नव्या रंगांचे ताटवे भरायची चाल होती. रॉबिन्सनने ससेक्समधल्या आपल्या ग्रेव्हटाय इस्टेटीवर गवतात डॅफोडिल लावून दाखवले. आजही असा उतार पाहिला की मला त्याचं म्हणणं सोळा आणे पटतं. वाफ्यातली फुलं बघून माणूस पुढे जातो, गवतातल्या फुलांपाशी थांबतो.

खड्ड्याचा हिशोब साधा: कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल. पाच सेंटिमीटरचा कंद असेल तर पंधरा सेंटिमीटर. उथळ लावलेला कंद लवकर फुटून बारीक बारीक पिल्लं धरतो आणि मग पानंच येतात, फूल नाही. लांब दांड्याचं, खाली पोकळ नळी असलेलं एक अवजार असतं. पायाने दाबायचं, मातीचा गोळा वर येतो, कंदाचं टोक वर ठेवून आत सोडायचा, गोळा परत बसवून टाचेने दाबायचा. चिकणमातीत ही नळी दर खेपेला भरून बसते, म्हणून मोठ्या पट्ट्यात आम्ही कुदळ घेतो. गवताचा थर तीन बाजूंनी कापून पुस्तकाच्या पानासारखा उलटायचा, खालची माती मोकळी करायची, कंद मांडायचे, थर परत झाकायचा.

वाणाबाबत मोठे माळी हट्टी आहेत. मोठ्या पिवळ्या तुतारीचे डॅफोडिल त्यांना गवतात चालत नाहीत, वाऱ्यापावसात ते आडवे होतात. उतारावर लवकर फुलणारा ‘फेब्रुअरी गोल्ड’, पांढरा ‘थालिया’ आणि सगळ्यांत जास्त इथला मूळचा रानटी डॅफोडिल. शाळेच्या इंग्रजीच्या पुस्तकात वर्डस्वर्थचे डॅफोडिल आपल्यापैकी अनेकांनी पाठ केले, ते हेच. १५ एप्रिल १८०२ रोजी तो आणि त्याची बहीण डोरोथी उल्सवॉटर तळ्याच्या काठाने चालत होते. तिने रोजनिशीत त्या फुलांची नोंद केली, त्याची कविता नंतरची. वीतभर उंचीची, फिक्या पाकळ्यांची ही बारकी फुलं दुकानातल्या डॅफोडिलपुढे किरकोळ वाटतात. तळ्याकाठी शोभतात मात्र तीच.

साडेदहा

चहा. आज मोठ्या माळ्यांनी खिशातला चाकू काढून एक निरोगी कंद उभा चिरला आणि दोन्ही फाकी आमच्यातल्या नव्या मुलीच्या हातावर ठेवल्या. मीही वाकून पाहिलं. बाहेर तपकिरी साल, आत पांढरे मांसल पापुद्रे, आणि ऐन मध्यावर पिवळसर हिरवा कोंब. नखाने कोंब उलगडला तर आत चिमुकली कळी, तिचे भाग वेगळे ओळखू येण्याइतकी तयार. येत्या मार्चचं फूल ऑक्टोबरात पूर्ण घडलेलं असतं. मागच्या वसंतात फूल सरल्यावर पानांनी ऊन खाऊन जे साठवलं, त्यातून उन्हाळ्यात ते आत घडलं. आता त्याला फक्त मुळं धरायला ओल आणि पुढे बारा-चौदा आठवडे थंडी हवी. ती मुलगी चहा विसरून त्या फाकींकडे बघत राहिली.

साडेअकरा

उतार संपतो तिथे जमीन ओलसर. इथे निळा कॅमासिया आणि फ्रिटिलरी. फ्रिटिलरीच्या जांभळट पाकळ्यांवर चौकटींची नक्षी असते. एप्रिलमध्ये ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजचं कुरण या फुलांनी भरतं. तिच्या कंदाला जाड साल नसते, उघड्यावर तो झटकन सुकतो. म्हणून पिशवी फोडली की त्याच दिवशी संपवायची. जेवायला उशीर झाला तरी चालेल.

दीड

जेवणाआधी हात साबणाने धुवायचे, जखमेवर पट्टी हवीच. तळ्याच्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो येऊ शकतो. मग कंबरेपर्यंतचे रबरी बूट आणि काठ.

हे तळं माणसाने केलेलं आहे. अठराव्या शतकात, बागा आखणारा लॅन्सलॉट ब्राउन इंग्लंडभर अशी तळी खणवत होता त्या काळात, ओढा अडवून बांध घातला. बांधाच्या पोटात पाण्यात कालवून तुडवलेली चिकणमाती आहे, म्हणून बांधावर झाड वाढू द्यायचं नाही. मुळं ती माती फोडतात आणि पाणी वाट काढतं.

काठाची लावणी ओलीच्या पायऱ्यांवर चालते. पाण्यात पाय बुडवून मार्श मॅरिगोल्ड. पाण्याच्या रेषेवर उन्हाळी स्नोफ्लेक, त्यातही रॉबिन्सनच्या इस्टेटीचं नाव मिरवणारा ‘ग्रेव्हटाय जायंट’. त्याच्या वर, जिथे माती ओली पण तुंबलेली नाही, तिथे सायबेरियन आयरिस आणि प्रिम्युला. आयरिसचे जुने गड्डे मधून मरतात आणि नुसतं कडं उरतं. ते उपटून, कुदळीने तोडून, बाहेरचे जोमदार तुकडे परत लावायचे. प्रिम्युलांपैकी फ्लोरिंडी ही पिवळी जात वनस्पतिशोधक फ्रँक किंग्डन-वॉर्डने १९२४ साली तिबेटात शोधली आणि तिला बायकोचं, फ्लोरिंडाचं नाव दिलं. तिला हातभर वर लावलं तर जुलैत माना टाकते, हातभर खाली लावलं तर हिवाळ्यात कुजते. म्हणून प्रत्येक रोप ठेवण्याआधी मी मूठभर माती पिळून बघते.

काय लावायचं नाही, हेही इथे तितकंच मोलाचं. तळ्याच्या टोकाला अमेरिकन स्कंक कॅबेजची जुनी वस्ती आहे. पिवळ्या मोठ्या फुलांसाठी लोकांनी ती हौसेने लावली, ती ओढ्यांतून पसरली, आणि २०१६पासून ती विकायला बंदी आहे. आज दोघांनी मिळून त्यातला एक गड्डा खणला, जाडजूड, खोल रुतलेला. दुसरी पाहुणी हिमालयातली. आपल्या तेरड्याचीच मोठी बहीण म्हणावी अशी गुलाबी फुलांची ही वनस्पती १८३९ साली ब्रिटनमध्ये आणली गेली. शेंग फुटली की बी सात मीटरपर्यंत उडतं आणि पाण्याबरोबर पुढच्या गावाला जातं. कासच्या पठारावर तेरड्याचे गालिचे बघत मी मोठी झाले, त्यामुळे जूनमध्ये ही रोपं उपटताना जिवावर येतं. तरी उपटते. तिच्या दाट सावलीत मार्श मॅरिगोल्डचं रोप टिकत नाही.

लावून झालं की काठावर खुंट्या ठोकून सुतळी ताणायची. नाहीतर बदकं आणि कॅनडा गीज संध्याकाळपर्यंत निम्मी रोपं उपटून टाकतात.

साडेतीन

अवजारं धुवायची. बूट तर घासून, वाळवूनच ठेवायचे, दुसऱ्या तळ्यात इथलं तण जायला नको. मग नकाशावर नोंद: कुठल्या पट्ट्यात कुठला वाण. ही नोंद मेमध्ये लागते. तेव्हा फुलं गेलेली असतात, पानं पिवळी पडून लोळायला लागतात आणि गवत गुडघाभर होतं. बाग बघायला येणारे लोक विचारतात, कापत का नाही? काहींना ही हेळसांड वाटते. डॅफोडिल सरल्यावर निदान सहा आठवडे पानं राहू द्यावीच लागतात. आमच्या उतारावर पुढे फ्रिटिलरीचं बी गळायचं असतं, कॅमासियाची पानं वाळायची असतात, म्हणून जुलैपर्यंत यंत्र फिरत नाही. आज लावलेल्या कंदांना पहिल्या वर्षीचं फूल ज्या शेतात ते वाढले तिथून मिळालं आहे. दुसऱ्या वर्षीचं फूल या न कापलेल्या गवतातून यायचं आहे.

तुमच्या अंगणात निशिगंध असो की लिली, नियम हाच. फुलं संपल्यावर कुंडी बरी दिसावी म्हणून हिरवी पानं कापू नका, त्यांच्या गाठी मारू नका, पाणीही लगेच तोडू नका. पान आपोआप पिवळं पडून ओढल्यासरशी हातात येईल, तेव्हाच काढा.