लक्षद्वीपची प्रवाळे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लक्षद्वीपची 36 बेटे मिळून जमीन जेमतेम 32 चौरस किलोमीटर. समुद्रसपाटीपासून मीटर-दोन मीटरच वर असलेली ही बेटे प्रवाळांनी उभी केली आहेत. प्रवाळांची प्रकृती कशी आहे हे पाहण्यासाठी संशोधक पाठीवर टाकी बांधून पाण्यात उतरतात. या कामाविषयी आणि खुद्द प्रवाळांविषयी आपल्या मनात काही समज पक्के बसले आहेत. ते तपासून पाहू.

गैरसमज : प्रवाळ म्हणजे समुद्रातला रंगीत दगड.
वस्तुस्थिती : प्रवाळ हा प्राणी आहे, जेलीफिशचा नातलग. एकेक जीव बहुधा काही मिलिमीटरचाच. तो पाण्यातून कॅल्शियम घेऊन स्वतःभोवती चुनखडीचे घर बांधतो आणि अशा असंख्य घरांची मिळून प्रवाळभित्ती होते. घुमटासारखी काही प्रवाळे वर्षाला सेंटिमीटरभर वाढतात, म्हणजे माणसाच्या उंचीचा घुमट दीडशे वर्षांहून जुना असू शकतो. अंगठीतले लाल पोवळे मात्र वेगळ्या जातीचे. ते मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते.

गैरसमज : पाणबुड्याच्या टाकीत ऑक्सिजन असतो.
वस्तुस्थिती : टाकीत सहसा साधी हवाच दाबून भरलेली असते, 21 टक्के ऑक्सिजन आणि उरलेला बहुतेक नायट्रोजन. शुद्ध ऑक्सिजन सुमारे सहा मीटरच्या खाली घातक ठरतो, त्याने झटके येऊ शकतात. दर 10 मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. त्यामुळे 20 मीटर खोलीवर प्रत्येक श्वासाला तिप्पट हवा खर्च होते आणि कामाचा वेळ आटतो. खाली असताना शरीरात नायट्रोजन विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडावा म्हणून सावकाश वर यायचे आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. श्वास मात्र कधीही रोखायचा नाही, कारण वर येताना फुप्फुसातली हवा फुगते.

गैरसमज : प्रवाळांचा अभ्यास म्हणजे फोटो काढत पोहणे.
वस्तुस्थिती : बराचसा वेळ मोजण्यात जातो. तळावर मोजपट्टी अंथरायची, ठरावीक अंतरावर तिच्याखाली जिवंत प्रवाळ आहे, मेलेले आहे की शैवाल, ते पाहायचे आणि प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने लिहायचे. त्याच जागी पुन्हा पुन्हा परतायचे. असे चिकाटीचे काम झाले म्हणूनच आज कळते, की अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या बेटांपाशी जिवंत प्रवाळांचे आच्छादन 1998 ते 2022 या काळात सुमारे 37 टक्क्यांवरून 19 टक्क्यांच्या आसपास आले. काठावर उभे राहून निळ्या पाण्याकडे पाहणाऱ्याला ही घट दिसली नसती.

गैरसमज : पांढरे पडलेले प्रवाळ मेलेलेच असते.
वस्तुस्थिती : प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते त्याला अन्न देते आणि रंगही. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाहून अंशभर जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की हे शैवाल बाहेर पडते आणि पांढरा सांगाडा दिसू लागतो. तेव्हा प्रवाळ उपाशी असते, पण जिवंत असते. पाणी वेळेत निवले तर ते सावरते. सावरायला वर्षे लागतात आणि अडचण तिथेच आहे. लक्षद्वीपला 1998, 2010, 2016 आणि 2024 असे मोठे तडाखे बसले. पहिल्या दोन तडाख्यांत 12 वर्षांची उसंत होती, पुढे ती सहा-आठ वर्षांवर आली.

गैरसमज : प्रवाळे गेली तर नुकसान फक्त माशांचे आणि पर्यटनाचे.
वस्तुस्थिती : भर समुद्रातून येणारी लाट आधी प्रवाळभित्तीवर फुटते, मग शांत होऊन बेटापाशी पोहोचते. भित्ती झिजली तर किनारा खचेल आणि विहिरींच्या गोड्या पाण्यात खारे पाणी शिरण्याचा धोका वाढेल.

गैरसमज : एखादा तुकडा आठवण म्हणून आणला तर काय बिघडते?
वस्तुस्थिती : भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच यादीत, संरक्षण आहे.

प्रवाळे पाहायला दूरच जावे लागते असेही नाही. ती आपल्या मालवणच्या पाण्यातही आहेत. तिथे किंवा लक्षद्वीपला पाण्यात उतराल तेव्हा प्रवाळावर पाय ठेवू नका, हात लावू नका आणि तिथला एक तुकडाही घरी आणू नका.