पावसांत मुकी झालेली बंदूक



१८४१ सालच्या मे महिन्याची ३० तारीख. स्थळ, चीनमधील कँटन शहराबाहेरचीं भातशेतें. पहिलें अफूचें युद्ध चालू होतें. ऐन वादळी पावसांत ३७ व्या मद्रास देशी पलटणीची एक कंपनी मुख्य सैन्यापासून तुटली आणि भालेवाल्या गांवकऱ्यांच्या गराड्यांत सांपडली. शिपायांनीं चाप ओढले. पण बंदुका उडेनात! चारी बाजूंस तोंडें करून, केवळ संगिनींच्या बळावर, त्यांना उभें राहावें लागलें.

दोष शिपायांचा नव्हता; बंदुकीच्या रचनेचा होता. ती होती चकमकीची बंदूक. चाप ओढला म्हणजे घोड्याच्या जबड्यांतील गार पोलादाच्या पट्टीवर आपटे, ठिणग्या उडत आणि खालच्या लहानशा पेल्यांतील दारूची चिमूट, म्हणजे रंजक, पेट घेई. ती आग कानांतून, म्हणजे नळीच्या बुडाशीं असलेल्या बारीक छिद्रांतून, आंतील दारूस पोंचे, तेव्हां कोठें बार निघे. या सांखळीचा कोणताही दुवा दगा देई: गार झिजे, कान काजळीनें बुजे, आणि पावसांत रंजक भिजून चिखल होई.

यावर तोड निघाली ती एका धर्मोपदेशकाच्या शिकारीच्या नादांतून. स्कॉटलंडांतील अलेक्झांडर फॉर्साइथ यांच्या ध्यानीं आलें, कीं रंजक उडतांच होणारा लखलखाट पाहून पक्षी छर्रे पोंचण्यापूर्वींच निसटतात. तेव्हां ठिणगीऐवजीं नुसत्या आघातानें पेटणारें द्रव्य योजून त्यांनीं १८०७ सालीं पेटंट मिळविलें. पुढें इतरांनीं तें द्रव्य तांब्याच्या इवल्याशा टोपींत भरलें, हीच केप. ती कानावरील पोकळ खुंटीवर घट्ट बसे. त्यामुळें पावसाला आंत वाट मिळेना.

१८३४ सालीं वुलिच येथें दोन्ही प्रकारांची परीक्षा झाली. प्रत्येकीं ६,००० बारांपैकीं चकमकीचे ९२२ फुकट गेले. केपांचे अवघे ३६.

तरीही सात वर्षांनंतर मद्रासी शिपायांच्या खांद्यावर जुनीच बंदूक होती. अखेर त्यांच्या सुटकेस धांवले ते आरमारी गोरे शिपाई. त्यांच्या बंदुका केपाच्या होत्या, आणि त्याच पावसांत त्या उडाल्या. दोष हुडकून काढणें हें शास्त्राचें काम. परंतु सुधारलेली वस्तु आधीं कोणाच्या हातीं द्यावयाची, हें ठरविणारे निराळेच असतात. त्या निर्णयाची किंमत मात्र पावसांत उभ्या असलेल्या शिपायास मोजावी लागते.